टोमॅटोच्या सोबतीला झेंडू

नुसत्या टोमॅटोच्या रानात फळ पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाला वासावरून वाट सहज सापडते. म्हणून मी दर १६ ओळींमागे एक ओळ उंच आफ्रिकन झेंडूची लावते. लागण एकाच वेळी, पण झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं घ्या, म्हणजे दोन्ही एकदम फुलावर येतात. पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो. सकाळी पाकळ्या फाकवून बघा. आत ओलसर काळपट विष्ठा दिसली की फूल खुडून नष्ट करा. हे टाळलंत तर झेंडू म्हणजे अळ्यांचं माहेरच.

कुरतडलेलं टोमॅटोचं पान वेगळाच वास सोडतं. त्या वासावर अळीत अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या येतात, शेजारची रोपंही सावध होतात. बांधावर कोथिंबीर, बडीशेप फुलू द्या. माश्यांना मकरंद लागतो. आणि हात जोडून सांगते, या माश्या रानात असताना जहाल औषध फवारू नका.