ब्लड कल्चरचा रिपोर्ट लवकर हवाय? मग या चुका टाळा

ब्लड कल्चर म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघणं. त्यावर पीसीआर पॅनेल, म्हणजे जंतूंची ठरावीक जनुकं शोधणारी चाचणी, साधारण तासाभरात प्रतिरोधाची (अँटिबायोटिकला दाद न देण्याची) जनुकं दाखवतं. पण हा तास बाटली पॉझिटिव्ह झाल्यावर, म्हणजे मशीनला तिच्यात जंतूंची वाढ दिसल्यावर, सुरू होतो. रुग्णाचा वेळ वाया जातो तो त्याच्या आधी.

कोकणात सगळ्यात जास्त घात बर्फ करतो. गुहागर किंवा देवरुखहून रत्नागिरीला निघालेली बाटली इतर नमुन्यांबरोबर थंड डब्यात जाते. लघवीला गारवा चालतो, ब्लड कल्चरला नाही. न्यूमोकॉकससारखे (न्यूमोनियाचा एक जंतू) नाजूक जंतू त्यात दगावतात. बाटली खोलीच्या तापमानाला ठेवा आणि शक्यतो दोन तासांत मशीनला लावा. पावसात घाट बंद झाला, गाडी चुकली, तरी फ्रीज नकोच. रक्त घेतल्याची वेळ मात्र बाटलीवर लिहा, कारण उशीर झाला तर वाढ मशीनमध्ये जाण्याआधीच होऊन गेलेली असू शकते. मग मशीन निगेटिव्हच म्हणत राहतं. रक्त काळवंडलेलं किंवा रबरी बूच फुगलेलं दिसलं, तर मशीनची वाट न बघता ग्रॅम स्टेन करा, म्हणजे थेंब रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू बघा.

रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्या: मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, दोन वेगळ्या जागांहून. बूच स्पिरिटने पुसा. नाहीतर एकाच बाटलीत त्वचेवरचा निरुपद्रवी स्टॅफ जंतू उगवला आणि पॅनेलने मेक-ए हे प्रतिरोधाचं जनुक दाखवलं, की व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक विनाकारण सुरू होतं.

आता सर्वांत धोक्याची चूक. एनडीएम, ओक्सा-४८ ही प्रतिरोधाची जनुकं निगेटिव्ह आली म्हणजे मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालणारच, असं धरू नका. पॅनेल यादीतलीच जनुकं शोधतं. जंतूने औषध आत येण्याची छिद्रं कमी केली असतील, तर ते पॅनेलला कळत नाही. रिपोर्टवर 'जनुक आढळले नाही' एवढंच लिहा, 'सेन्सिटिव्ह' (औषध लागू) नको. सोबत पॉझिटिव्ह बाटलीतून थेट डिस्क टेस्ट लावा, म्हणजे औषधाच्या चकतीभोवती जंतूंची वाढ किती थांबते ते मोजा. युकास्ट या युरोपीय समितीच्या रॅस्ट या जलद पद्धतीत ती ४, ६ आणि ८ तासांनी वाचतात, पण त्या त्या तासासाठी ठरवलेल्या मापांच्या तक्त्यानेच. नेहमीचा रात्रभराचा तक्ता लावला तर निकाल चुकतो.

पावसाळ्यात, मधुमेही शेतकऱ्याच्या रक्तात ऑक्सिडेज चाचणीत पॉझिटिव्ह, ग्रॅम स्टेनमध्ये निगेटिव्ह असे दांडक्याच्या आकाराचे जंतू सापडले आणि जेंटामायसिन, कोलिस्टिन ही दोन्ही अँटिबायोटिक निकामी, पण को-अमॉक्सिक्लॅव्ह लागू दिसलं, तर 'स्युडोमोनास' (तसाच दिसणारा दुसरा जंतू) लिहून मोकळे होऊ नका. मेलिऑइडोसिसचा (माती-पाण्यातल्या जंतूमुळे होणारा गंभीर आजार) संशय घ्या, डॉक्टरांना लगेच फोन करा आणि तो जंतू वाढवलेली प्लेट उघडून वास घेऊ नका. पुढचं काम सेफ्टी कॅबिनेटमध्येच (जंतू बाहेर हवेत जाऊ न देणारं बंदिस्त कपाट).