मे महिन्याच्या सुट्टीत कोणतं पार्क? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी हिशेबाची पद्धत

एप्रिल उजाडला की ठाण्याच्या तीन हात नाक्यापासून वाशीच्या पुलापर्यंत होर्डिंगवर पाण्यात उड्या मारणारी पोरं दिसू लागतात. एक पार्क ‘दोनवर एक फुकट’ म्हणतं, दुसरं ‘मुलांना मोफत’ म्हणतं, तिसरं ‘जेवणासकट’. ही सगळी चढाओढ घरातल्या एका रविवारासाठी आणि दहा-बारा हजार रुपयांसाठी असते. फलकावरचा भाव बघून ठरवलंत तर बहुतेक वेळा चूक होते. निवड करायची असेल तर कागद-पेन घेऊन अर्धा तास बसा.

आधी मैदानात कोण आहे ते बघू. ठाणेकरांच्या अगदी दारात दोन आहेत. चितळसर-मानपाड्याला डोंगराच्या पायथ्याशी टिकुजीनी वाडी आणि घोडबंदर रोडवर सूरज वॉटर पार्क. ही एकमेकांची खरी प्रतिस्पर्धी, कारण गिऱ्हाईक तेच, रस्ता तोच आणि सकाळी उठून ठरवलं तरी जाता येतं. गोराईला वॉटर किंगडम आहे, 1998 सालचं. शेजारचं एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झालं आणि 2022 मध्ये बंद झालं. त्याची जुनी जाहिरात अजून तोंडात असलेले आईबाप मुलांना भलतंच वचन देऊन बसतात, तेव्हा घरात आधी खुलासा करा. खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका हे थीम पार्क, 2013 पासून. घाट चढून गेलं की लोणावळ्याचं वेट अँड जॉय वॉटर पार्क. नेरूळच्या सेक्टर 19अ मध्ये महापालिकेचं वंडर्स पार्क आहे. जगातल्या आश्चर्यांच्या प्रतिकृती, थोड्या राईड आणि खिशाला झेपणारं तिकीट. मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर नवी मुंबईकरांनी सुरुवात इथूनच करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. इमॅजिका 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली आणि 2024 मध्ये लोणावळा व शिर्डीची वेट अँड जॉय पार्कंही त्याच कंपनीच्या छत्राखाली आली. म्हणजे खोपोली आणि लोणावळा ही दोन दुकानं असली तरी गल्ला एकच. एकाचा भाव दाखवून दुसऱ्याकडून सूट काढू, ही आशा सोडा. घासाघीस तारखेवर करा, भावावर नाही.

तारीख कशी निवडायची

पार्कांचे दर दिवसागणिक बदलतात आणि गर्दी त्याहून जास्त बदलते. शनिवार, रविवार, 1 मे, दिवाळीचा आठवडा आणि नाताळ ते 1 जानेवारी हे सर्वांत महाग आणि सर्वांत गजबजलेले दिवस. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात, पण बऱ्याच सीबीएसई शाळांचं नवं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीलाच सुरू होतं. त्यामुळे राज्य मंडळाची परीक्षा संपल्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचे सोमवार ते गुरुवार मे महिन्याच्या मानाने बरेच मोकळे मिळतात. डिसेंबर-जानेवारीतला मधला वार मोकळा असेल असं वाटतं, पण तेव्हा शाळांच्या सहलींच्या बसेस ओळीने उभ्या असतात. दहावी-बारावीच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च मात्र खरोखर रिकामे जातात. गणेशोत्सवाचे पहिले पाच दिवसही ठाण्याजवळच्या पार्कांसाठी बरे, कारण निम्मा शेजार कोकणात असतो. पण तेव्हा पाऊस असतो आणि वीज चमकली की उघड्यावरच्या उंच राईड थांबवतात. इमॅजिकाबाबत आणखी एक लक्षात ठेवा: ते मुंबई आणि पुणे यांच्या मधे आहे, तेव्हा दोन्ही शहरांच्या सुट्ट्या बघा.

खर्चाचा कागद

समजा घरात पाच जण. आई, बाबा, आजी, अकरा वर्षांचा मुलगा (उंची 146 सेंमी) आणि पाच वर्षांची मुलगी (108 सेंमी). बऱ्याच पार्कांत ‘लहान’ तिकीट वयावर नसून उंचीवर असतं, म्हणून आदल्या दिवशी भिंतीला टेकवून, बूट काढून उंची मोजा. आमच्या उदाहरणातला मुलगा मोठ्यांच्या तिकिटात जातो. ही गोष्ट खिडकीवर कळली की बजेट कोलमडतं.

आता दूरचं पार्क. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, चालू दर तुम्ही घाला. मोठ्यांचं तिकीट 1,400, लहान आणि ज्येष्ठांचं 1,000. तीन मोठे 4,200, दोन सवलतीचे 2,000, मिळून 6,200. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,116. (हा कर पूर्वी 28 टक्के होता, जानेवारी 2018 मध्ये उतरला.) जाहिरातीतला मोठ्या अक्षरातला भाव पुष्कळदा कर सोडून असतो, ही सगळ्यांत पहिली ठेच. एकूण 7,316. पेट्रोल आणि टोल 1,800, जेवणखाण 2,000, लॉकर आणि सटरफटर 500. बेरीज 11,616.

जवळचं वॉटर पार्क: 900 आणि 700 दर धरला तर तिकिटं 4,100, कर 738, येणं-जाणं 400, खाणं 1,500, कॉस्च्युमचं भाडं आणि लॉकर 1,200. बेरीज 7,938.

इथवर सगळेच करतात. पुढची पायरी महत्त्वाची. प्रत्येक माणूस प्रत्यक्षात किती राईड करेल ते लिहा. दूरच्या पार्कात मुलगा 7, पण आईबाबा आळीपाळीने धाकटीपाशी थांबणार म्हणून प्रत्येकी 5, धाकटी 4, आजी 3. मिळून 24. भागा: माणशी एका राईडला 484 रुपये. वॉटर पार्कात अर्धा तास पाण्यात म्हणजे एक राईड धरा. मुलगा 12, आई, बाबा आणि धाकटी प्रत्येकी 8, आजी 2. मिळून 38, म्हणजे माणशी 209. मोठ्या रोलरकोस्टरचा एक फेरा आणि घसरगुंडीचा एक फेरा सारखा नसतो हे खरंच. पण पैसा कुठे गळतोय ते या भागाकारात दिसतं. त्याच दूरच्या पार्कात आजी आणि धाकटीऐवजी पंधरा वर्षांची आत्येबहीण नेली, तर चार जणांचे प्रत्येकी 7 प्रमाणे 28 फेरे होतात, खर्च (जेवणखाण चौघांचं 1,600 धरून) 10,508 वर येतो आणि आकडा 375 होतो. पार्क तेच, घरची माणसं वेगळी.

ऑफर वाचताना

‘मुलांना मोफत’ असेल तर सोबत पूर्ण दराची किती तिकिटं घ्यावी लागतात ते वाचा. ‘दोनवर एक’ बहुधा ठरावीक वारांपुरतं असतं. तारीख टाकून घेतलेलं तिकीट स्वस्त पडतं, पण मुलाला ताप आला तर ते पुढे ढकलता येतं का, किती दिवस आधी, किती पैसे कापून, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका. वार्षिक पासचा हिशेब सोपा आहे: पासची किंमत भागिले एका दिवसाचं तिकीट. उत्तर अडीच आलं तर तिसऱ्या फेरीपासून फायदा. मात्र वगळलेल्या दिवसांची यादी बघा. त्यात शनिवार-रविवार असतील आणि तुम्हा दोघांनाही तेवढीच सुट्टी असेल तर पास शोभेचा. व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘उरलेली कुपनं’ घेऊ नका, एकच क्यूआर कोड चार जणांना विकलेला असतो आणि गेटवर पहिला पोचेल त्याचाच चालतो.

इमॅजिकात थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क वेगळे आहेत. एका दिवसात दोन्ही मोठी पार्कं उरकायचं जोडतिकीट कागदावर स्वस्त दिसतं, पण कपडे बदलणं, लॉकर आणि दोन रांगा यांत दोन तास जातात. मुक्काम असेल तरच घ्या.

निघण्याच्या दिवशी सकाळी पार्कात फोन करून एवढंच विचारा: “आज कोणकोणत्या राईड मेंटेनन्सला बंद आहेत?” ज्या राईडसाठी मुलगा महिनाभर उड्या मारतोय तीच बंद असेल तर तारीख बदललेली बरी.

रांगेचं गणित

रांग लांब की छोटी हे डोळ्यांनी कळत नाही. गाडी किती माणसांची आणि किती मिनिटांनी सुटते ते बघा. समजा तुमच्या पुढे 180 जण, गाडीत 24 जागा, दर 3 मिनिटांनी एक फेरी. साडेसात फेऱ्या, म्हणजे 22-23 मिनिटं. तेच दोनऐवजी एकच गाडी रुळावर असेल तर फेरी 6 मिनिटांनी आणि थांबणं पाऊण तास. म्हणून रांगेत शिरण्याआधी मोबाईलच्या घड्याळावर दोन सुटण्यांमधलं अंतर मोजा. त्यात जलद रांगेचा महाग पास घेतलेले लोक बाजूने आत येतात आणि प्रत्येक गाडीतल्या काही जागा खातात, तेव्हा गर्दीच्या दिवशी उत्तरात चौथाई वेळ आणखी धरा.

गेट उघडल्यावर लोक समोर दिसणाऱ्या पहिल्याच राईडला चिकटतात. तुम्ही सरळ मागच्या टोकाला जा आणि मोठ्या कोस्टर पहिल्या दीड तासात उरका. जेवण पावणेबाराला किंवा अडीचनंतर. दुपारच्या उन्हात वातानुकूलित हॉलमधल्या राईड आणि शो. इमॅजिकाची नायट्रो ही पायाखाली तळ नसलेली कोस्टर आहे, तिथे पाय अधांतरी असतात. अशा राईडला सैल चप्पल घालून जाऊ नका, पट्ट्याची सँडल किंवा बूट बरे. रक्तदाब, मणक्याचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर अशा राईडच्या वाटेला जाऊच नका.

पाण्यात उतरताना

गेटवरची तपासनीस बाई कपड्याची कड चिमटीत धरून बघते. कापूस लागला की परत पाठवते, मग भाड्याचा काउंटर. कारण नुसतं धंद्याचं नाही. सुती कपड्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात, भिजलेलं कापड जड होतं आणि चेन-बटणं फायबरच्या घसरगुंडीला ओरखडे पाडतात. नायलॉन किंवा लायक्राचे कपडे घरूनच न्या. सांगून ठेवतो, अंगातला टी-शर्टही सुती चालत नाही. मंगळसूत्र आणि बांगड्या घरी ठेवा. चष्म्याला दोरी बांधा.

मुलांना उतरवण्याआधी काठावर उभं राहून तळाची जाळी बघा. जाळी स्पष्ट दिसत नसेल तर पाणी गढूळ आहे आणि बुडणारं मूलही दिसणार नाही. नाकाला झोंबणारा क्लोरीनचा वास म्हणजे पाणी स्वच्छ, असा समज आहे. तो उलटा आहे. क्लोरीन घाम आणि लघवीशी मिसळलं की तो वास येतो. मे महिन्यात रविवारी दुपारी तीननंतर असं पाणी हमखास भेटतं, म्हणून वॉटर पार्क सकाळचं.

जाणं-येणं

वाशीहून खोपोलीला गाडीने साधारण दीड तास, सकाळी सातच्या आत निघालात तर. फायदा असा की खोपोलीचा फाटा बोरघाटाच्या अलीकडे आहे. लोणावळ्याला जाणाऱ्यांना शनिवारी सकाळी घाटातच दिवस उगवतो. ट्रेनने जायचं तर खोपोलीच्या थेट लोकल मोजक्या आहेत, एरवी कर्जतला बदलावं लागतं. परतीची शेवटची वेळ आधी लिहून घ्या. ठाण्याहून गोराईला घोडबंदर-भाईंदर-उत्तन मार्गे गाडी नेता येते, पण गायमुखला अडकलात की सकाळ गेलीच. अशा दिवशी बोरिवलीला उतरून गोराई खाडीची फेरीबोट जास्त शहाणपणाची.

रविवारी संध्याकाळी पाच ते आठ पुण्याकडून मुंबईकडे येणारी बाजू तुंबते. साडेचारला निघा, नाहीतर रात्रीचं जेवण खोपोलीतच करून साडेआठला. आणि लॉकरचं डिपॉझिट परत घ्यायला बंद होण्याआधी अर्धा तास काउंटर गाठा. पावती भिजू नये म्हणून ती मिळाल्या मिळाल्या मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, किल्ली हरवली तर नंबर तरी सांगता येतो.