पटकथा पाठवण्यापूर्वी : निर्मितिसंस्थेत तिचे वाचन कसे होते

मुंबईतल्या निर्मितिसंस्थेकडे गेलेली पटकथा बहुधा निर्माता आधी वाचत नाही. ती नेमलेल्या वाचकाकडे जाते आणि तो तिच्यावर मोजक्या पानांचा अहवाल लिहितो, ज्याला या व्यवसायात ‘कव्हरेज’ म्हणतात. त्यात एक-दोन वाक्यांतले कथासूत्र, सारांश, पात्रे, रचना व संवाद यांविषयीचा अभिप्राय आणि शेवटी ‘नको’, ‘विचार व्हावा’ किंवा ‘शिफारस’ असा शेरा असतो. निर्मात्यासमोर अनेकदा एवढाच कागद जात असल्याने, असा अहवाल आपण स्वतःच आधी लिहून पाहावा आणि तो लिहिताना स्वतःची गय करू नये.

गोव्यातल्या आपल्यापैकी अनेकांचा हात जत्रा-उत्सवांतल्या नाटकांवर बसलेला असतो, आणि माझ्या मते आपल्या पटकथा अडतात त्या इथेच. रंगमंचावर पात्राने येऊन सांगितलेले चालते, पटकथेत ते दिसावे लागते. समजा, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्यानंतरच्या डिचोलीतल्या एका ट्रकमालकाची कथा आहे. तो बायकोला कर्जाची हकिकत दीड पान ऐकवू लागला, तर वाचक कंटाळतो. पण अंगणात उभ्या ट्रकच्या हौद्यात साठलेले पावसाचे पाणी तो बादलीने उपसतो आहे आणि खिशात वाजणारा बँकेचा फोन उचलत नाही, एवढ्या चार ओळींत सारे येते. असे एखादे दृश्य पहिल्या दहा पानांत असावे, कारण वाचकाचे मत तिथूनच बनू लागते.

रूढ मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट धरतात, म्हणून ९० ते १२० पाने पुरेशी होतात. वाचक खर्चही मनात मांडतो : रात्र, पाऊस, गर्दी, फेरीबोट. (बेतीची फेरीबोट आपल्याला रोजची असली, तरी तिच्यावरचे चित्रीकरण स्वस्त नसते.)

न मागता आलेली पटकथा अनेक संस्था उघडतही नाहीत, त्यामुळे आधी विचारावे. कायदा नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, लिहिलेल्या मांडणीला देतो; म्हणून मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन पटकथेची नोंदणी करावी, आणि संस्थेने सहीसाठी पाठवलेला कागद पूर्ण वाचावा.

इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बझार (लेखक-दिग्दर्शक आणि निर्माते जिथे भेटतात तो चित्रपट-बाजार, आता ‘वेव्हज फिल्म बझार’) २००७ पासून गोव्यातच भरतो. तिथे पटकथेचे बाड घेऊन फिरू नये; कथासूत्र आणि एक पानाचा सारांश जवळ ठेवावा, आणि निर्मात्याने मागितली तरच पूर्ण पटकथा ईमेलने पाठवावी.