होज बॉक्सची काच कशी फोडायची आणि चावी नसली तर काय करायचं

18 मे 2025 ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि 8 माणसं गेली, सोलापुरात हे कोण विसरलंय. त्यानंतर आमच्या युनिटला आगीचं मॉक ड्रिल (सराव) घेतलं तर पाणी सोडायच्या आधीच अडकलो, भिंतीवरचा लाल होज बॉक्स, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या पाईपची पेटी, उघडेना, चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि ऑफिसला कुलूप. म्हणून हे लिहितोय, लूमवाले, गोडाऊनवाले, अपार्टमेंटवाले सगळ्यांनी वाचा.

आधी कोणाला तरी 101 ला फोन लावायला सांगा आणि मेन स्विच पाडा, लाईट चालू असताना लूमवर पाणी मारायचं नाही म्हणजे नाही. धूर छातीपर्यंत उतरला असेल तर बॉक्सच्या नादाला लागू नका, माणसं बाहेर काढा.

आता बॉक्स. बऱ्याच ठिकाणी शेजारी एक छोटी काचेची डबी असते, तिच्यात चावी आणि साखळीला बारकी हातोडी. डबीची काच पातळ असते, एका ठोक्यात फुटते. डबी रिकामी असली तर बॉक्सचीच काच फोडायची, आणि इथंच लोक हात कापून घेतात बघा. समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, तोंड फिरवायचं, हाताला जाड टॉवेल गुंडाळायचा (सोलापुरात टॉवेलला काय तोटा). ठोका काचेच्या वरच्या भागात मारायचा आणि आपला हात ठोक्याच्या जागेपेक्षा वर ठेवायचा, म्हणजे तुकडे खाली पडतात, हातावर घसरत येत नाहीत. मग चौकटीत राहिलेले सुळके हातोडीनंच पाडायचे, सगळे, आणि नंतरच आत हात घालून कडी सरकवायची. बसची खिडकी वेगळी हं, तिथली काच टफन असते, ती कोपऱ्याजवळ टोकदार हातोडीनं मारली की अख्खी भुगा होते, साध्या काचेचं तसं होत नाही, मोठे धारदार तुकडे पडतात.

काचच नाही, पत्र्याचं दार आहे आणि गंजून बसलंय? मोठा स्क्रू ड्रायव्हर नाहीतर पहार कडीच्या बाजूच्या फटीत घालून बाहेर ओढा, बिजागरीच्या बाजूनं ताकद लावून उपयोग नाही.

दार उघडलं की आत 63 एमएमचा होज असतो, एकेक 15 मीटरचा, बहुतेक दोन, आणि ब्रांच पाईप, म्हणजे टोकाला लावायची पाणी मारायची नळी. आधी होज पूर्ण उलगडा, पीळ राहिला तर पाणी पुढं जात नाही. मेल टोक (आत घुसणारं) पाण्याच्या लाईनच्या व्हॉल्व्हला दाबायचं, टक् आवाज आला पाहिजे, दुसऱ्या टोकाला ब्रांच पाईप. पाईप दोघांनी धरायचा, एकट्यानं नाही, प्रेशर आलं की तो मागं ढकलतो. तिसरा माणूस व्हॉल्व्हचं चाक घड्याळाच्या उलट्या दिशेनं हळूहळू फिरवेल, तेही पुढच्यानं हात वर केल्यावर.

आमच्याकडं आता बॉक्सला कुलूप लावायचं बंद केलंय, होज चोरीला जातोय म्हणून वॉचमननं लावलं होतं, त्याचंही खोटं नव्हतं, पण मग आम्ही बॉक्स त्याच्या केबिनच्या नजरेत येईल असा हलवून घेतला. महिन्यातून एकदा कडीला आणि बिजागरीला तेल, कापसाचा फुफाटा बसून ती जाम होते. आणि जानेवारी-जुलैला फॉर्म बी साठी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) एजन्सीचा माणूस येतो ना, त्याला नुसती सही करून जाऊ देऊ नका, रात्रपाळीच्या दोन पोरांना बोलवा आणि त्याच्यासमोर त्यांच्याच हातानं बॉक्स उघडायला लावा.