तीन वर्षांखालचं मूल आणि ब्रेन ट्यूमर: फेलोशिपला येणाऱ्यांसाठी

"सकाळी उठली की उलटी, मग दिवसभर छान खेळते," असं सांगत एक आई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. पोटाची औषधं देऊन झाली होती. माझी फेलोशिप, म्हणजे डॉक्टरांचं पुढचं खास प्रशिक्षण, सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि मी खाली मान घालून जुने रिपोर्ट चाळत होते. उठता उठता आई म्हणाली, "हल्ली चालताना भिंत धरते." एमआरआयमध्ये चौथं व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातली पाण्याची पोकळी, भरून टाकणारी गाठ निघाली. डोक्यात पाणी तुंबलेलं, आजार कण्यापर्यंत उतरलेला. मेडुलोब्लास्टोमा, लहान मेंदूतला कॅन्सर. तेव्हापासून हिस्ट्री घेऊन झाली की मी विचारतेच, आणखी काही वेगळं वाटतं का? आणि मग गप्प बसते. आईबापांना थोडा वेळ लागतो, तो द्या.

या वयात सगळा पेच रेडिएशनचा आहे. मोठ्या मुलाला हाय-रिस्क मेडुलोब्लास्टोमा असेल तर मेंदू आणि कण्याला 36 ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक), गाठीच्या जागी 54 ग्रेच्या आसपास, हा रुळलेला मार्ग. तीन वर्षांखाली मेंदू अजून घडत असतो. तिथे हाच डोस दिला तर मूल वाचलं तरी शिकणं, उंची, हार्मोन्स या सगळ्याला कायमची खीळ बसते. म्हणून 1990च्या दशकापासून 'हेड स्टार्ट'सारख्या प्रोटोकॉलनी दुसरी वाट धरली. आधी ऑपरेशन, मग जोरदार केमो. मधल्या काळात मुलाच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, काढून गोठवायच्या, शेवटी कार्बोप्लॅटिन आणि थायोटेपा या केमोच्या औषधांचा हाय डोस द्यायचा आणि त्या पेशी परत चढवायच्या. रेडिएशन टळतं, निदान लांबतं तरी.

ही वाट सगळ्यांना सारखी लाभत नाही. पेशींतल्या जनुकीय बदलांवरून या ट्यूमरचे एसएचएच, ग्रुप 3 असे गट पडतात. डेस्मोप्लास्टिक प्रकारचा, एसएचएच गटातला ट्यूमर असेल तर पुष्कळ लहान मुलं रेडिएशनशिवाय बरी होतात. ग्रुप 3 आणि त्यात एमवायसी हे जनुक वाढलेलं असेल तर सगळं करूनही आजार अनेकदा उलटतो. त्यामुळे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका, स्वतः फोन करा. आयएनआय1 या प्रोटीनचा स्टेन, म्हणजे ते दाखवणारी रंगचाचणी, केलाय का, हे आधी विचारा. गाठीत ते प्रोटीन नसेल तर बहुधा एटीआरटी हा दुसरा ट्यूमर, म्हणजे वेगळा आजार आणि वेगळा प्रोटोकॉल. एसएचएच निघाला तर पीटीसीएच1, एसयूएफयू आणि टीपी53 ही जनुकं रक्तातही तपासायला हवीत. दोष जन्मजात असेल तर रेडिएशनचा धोका वाढतो, भावंडांचाही प्रश्न येतो.

ऑपरेशननंतरचा एमआरआय 72 तासांच्या आत करायचा. आजार पसरलाय का हे बघायला पाठीच्या कण्यातलं पाणी मात्र 10 ते 14 दिवसांनी काढायचं, नाहीतर ऑपरेशनच्या वेळी सुटलेल्या पेशी फसवतात.

त्या मुलीचं ऑपरेशन उत्तम झालं. पहिल्या दिवशी ती "आई, पाणी" म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा आवाज बंद झाला. अंग सैल, मधूनच किंचाळून रडणं, शब्द एकही नाही. सेरेबेलर म्युटिझम, म्हणजे लहान मेंदूच्या ऑपरेशननंतर वाचा जाणं. पोस्टिरिअर फोसाच्या, म्हणजे कवटीच्या मागच्या खालच्या भागातल्या, ऑपरेशननंतर साधारण चारातल्या एका मुलाला होतो आणि आठवडे, कधी महिने टिकतो. बोलणं बहुतेकांचं परत येतं, पण पूर्ण पूर्वीसारखं येतंच असं नाही. आम्ही आईबापांना हे आधी सांगितलं नव्हतं. ऑपरेशन बिघडलं असं धरून ते चार रात्री झोपले नाहीत. संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी, सोप्या शब्दांत, हे सांगाच.

आता थायोटेपा. हे औषध घामावाटे बाहेर येतं आणि कातडी भाजतं. म्हणून ते चालू असताना आणि संपल्यावरही मुलाला दिवसातून चार वेळा अंघोळ, दर वेळी कपडे आणि चादर बदल, डायपर ओला झाला की लगेच दुसरा. क्रीम नाही, तेल नाही, चिकटपट्टी शक्यतो नाही. रात्री दोनची अंघोळ मला अघोरी वाटायची. एकदा मूल नुकतंच झोपलं होतं म्हणून मी सिस्टरना म्हटलं, राहू दे, सकाळी बघू. सकाळी काखेत, जांघेत आणि सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीच्या) ड्रेसिंगखाली कातडी काळी पडून सुटायला लागली होती. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, शून्याकडे जात असताना उघडी कातडी म्हणजे जंतूंना मोकळं दार. सिस्टर मला काही बोलल्या नाहीत, कोमट पाणी घेऊन आल्या. राउंडला हाताच्या घड्या, मानेच्या वळ्या आणि ड्रेसिंगच्या कडा स्वतः उघडून बघा. अंघोळ घालणाऱ्या आईला हातमोजे दिलेत का, तेही बघा.

व्हिनक्रिस्टिन हे केमोचं औषध फक्त शिरेतून. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गेलं तर जीव जातो. ते छोट्या सलाइनच्या पिशवीतूनच द्या, आणि पाठीतल्या इंजेक्शनच्या ट्रेजवळ कधीही ठेवू नका.

राहिलं सिसप्लॅटिन, हेही केमोचं औषध; ते कानांना इजा करतं. त्यात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ. मूल हाकेला वळतं, म्हणून घरच्यांना ऐकू नीट येतंय असंच वाटतं. पण जे मूल आत्ता भाषा शिकतंय, त्याला अर्धे शब्द पोहोचतच नाहीत. सिसप्लॅटिनच्या प्रत्येक सायकलआधी श्रवणचाचणी लिहा, मूल फार लहान असेल तर झोपेच्या औषधाखाली बेरा (मुलाच्या उत्तराशिवाय होणारी श्रवणचाचणी) करून घ्या. तारीख मिळत नसेल तर ऑडिओलॉजीत स्वतः जाऊन उभे राहा. मी अजून जाते.