लॅटिनमधील ‘ओपोर्तेत’ कसे वापरावे

‘ओपोर्तेत’ हे लॅटिनमधील असे क्रियापद आहे, की जे मी, तू, ते यांच्यानुसार बदलत नाही आणि नेहमी तृतीयपुरुषी एकवचनातच येते. त्याचा अर्थ ‘पाहिजे’ किंवा ‘हवे’ असा होत असला, तरी त्यात औचित्य आणि कर्तव्य यांची छटा असते. जे अटळ आहे त्यासाठी ‘नेकेस्से एस्त’ वापरावे. माणसाला मरण चुकत नाही, हे ‘होमिनी नेकेस्से एस्त मोरी’ असे सांगतात. तेथे ‘ओपोर्तेत’ घातले, तर मरणे हे माणसाचे कर्तव्यच ठरेल.

वाक्य रचताना जो क्रिया करणार त्याला द्वितीयेत ठेवावे आणि क्रिया धातुसाधिताने (‘ईरे’, म्हणजे ‘जाणे’, अशा रूपाने) दाखवावी: ‘मे ईरे ओपोर्तेत’, म्हणजे मला जायला हवे. मराठी भाषकाने येथे विशेष जपावे. आपले ‘मला’ द्वितीयेचेही रूप आहे आणि चतुर्थीचेही, त्यामुळे हात सहज ‘मिही’ या चतुर्थीकडे वळतो. परंतु अभिजात लॅटिनमध्ये ‘ओपोर्तेत’बरोबर ‘मे’ हेच रूप शोभते. ‘मिही’ राखून ठेवावे ते ‘ओपुस एस्त’साठी, म्हणजे एखाद्या वस्तूची गरज सांगण्यासाठी. धातुसाधिताऐवजी संकेतार्थी रूप घेऊन ‘एआस ओपोर्तेत’ (तू जायला हवेस) असेही लिहिता येते.

भूतकाळात मात्र आपली भाषा उपयोगी पडते. ‘तू जायला हवे होतेस’ या वाक्यात भूतकाळ ‘जायला’वर नसून ‘हवे होतेस’वर आहे, आणि लॅटिनचीही नेमकी हीच रीत आहे: ‘ते ईरे ओपोर्तुइत’. इ.स.पू. ६३ मध्ये रोमच्या सिनेटमध्ये, सत्ता उलथण्याचा कट रचणाऱ्या कॅटिलिनावर तुटून पडताना, त्या वर्षीचा कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) आणि वक्ता सिसेरो म्हणाला, ‘अद मोर्तेम ते, कातिलीना, दूकी यूस्सू कोन्सुलिस याम प्रीदेम ओपोर्तेबात’, म्हणजे कॅटिलिना, कॉन्सलच्या आज्ञेने तुला केव्हाच मृत्युदंडासाठी नेले जायला हवे होते. ‘दूकी’ (नेले जाणे) हे रूप वर्तमानकाळीच राहिले असून भूतकाळाचा सारा भार एकट्या ‘ओपोर्तेबात’ने वाहिला आहे.

नकाराचा अर्थ नीट पारखावा. ‘ते ईरे नोन ओपोर्तेत’ म्हणजे तू जाऊ नयेस, हा निषेध झाला. जाण्याची गरज नाही, एवढेच सांगायचे असेल, तर ‘ईरे नोन नेकेस्से एस्त’ असे लिहावे.