एअर पिस्तूलचा ट्रिगर सेट करताना या चुका टाळा

एप्रिल-मे आला की मराठवाड्यातल्या नेमबाजीच्या रेंजवर दुपारी पत्रा तापतो, सराव सकाळपुरता उरतो आणि रिकाम्या वेळात पोरांच्या हातात एलन की येते. "सर, ट्रिगर जड लागतोय, थोडा हलका करू का?" हा प्रश्न मला संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. करा, पण आधी हवेचा सिलिंडर काढा, नळीत पेलेट (शिशाची छोटी गोळी) नाही हे डोळ्यांनी बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बरोबर ५०० ग्रॅमवर थांबणं. १० मीटर एअर पिस्तूलला ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा जोर, किमान ५०० ग्रॅम असावं लागतं. तपासणीत नळी उभी धरतात, ट्रिगरच्या मध्याजवळ वजन अडकवतात आणि पिस्तुलाने ते उचलून बघतात. ट्रिगर सुटला की पिस्तूल नापास. परभणीच्या एका मुलीचं पिस्तूल मी सामान तोलायच्या काट्यावर नेमकं ५०० ला लावून दिलं होतं. स्पर्धेच्या सकाळी वजन जमिनीवरून उचललं आणि खट्! ती माझ्याकडे बघत राहिली. चूक माझी, घाम तिला फुटला. तेव्हापासून मी ५१५-५२० च्या खाली जात नाही आणि काट्याऐवजी खरं टेस्ट वेटच वापरतो.

दुसरी चूक, एकदम तीन-चार स्क्रू फिरवणं. वजनाचा, पहिल्या टप्प्याचा (ट्रिगरचा सुरुवातीचा सैल प्रवास), दुसऱ्या टप्प्याचा (त्यानंतर सुटेपर्यंतचा) आणि सुटल्यावर ट्रिगर थांबवणारा, असे हे स्क्रू एकमेकांत गुंतलेले असतात. कुठला कुठे आहे हे प्रत्येक मॉडेलला वेगळं, म्हणून मॅन्युअल उघडं ठेवा. एक स्क्रू, पाव फेरी, मग वहीत नोंद: "वजनाचा, पाव फेरी आत." नोंद नसेल तर मूळ जागी परतायला आख्खी संध्याकाळ जाते.

बोटाला पहिला टप्पा संपल्याची भिंत लागतच नसेल, तर दुसऱ्या टप्प्याची पकड फार कमी झालेली असते. असं पिस्तूल नुसत्या धक्क्याने सुटू शकतं. ते फायरिंग लाइनवर नेऊच नका. उलट, ट्रिगर पूर्ण दाबूनही सुटत नसेल तर बहुतेक वेळा थांबवणारा स्क्रू जास्त आत गेलेला असतो. तो थोडा मागे घ्या. बोटाने जोर लावू नका.

ट्रिगरमध्ये खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडणारे पालक मी पाहिलेत. आपल्याकडची धूळ त्यात बसते आणि ट्रिगर चिकट होतो. तो भाग कोरडा आणि स्वच्छच बरा.

आणि हे सगळं फक्त एअर पिस्तूलबद्दल. .२२ किंवा परवान्याच्या पिस्तुलाचा हॅमर (गोळीवर आघात करणारा भाग) आणि सिअर (हॅमर अडवून धरणारा भाग) घरी काढू नका, कानस तर अजिबात लावू नका. पृष्ठभागाचा कडक थर घासला गेला की पिस्तूल आपोआप सुटू शकतं. शिवाय शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. ते काम परवानाधारक आर्मररकडेच (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या.

सेटिंग झाल्यावर वीस ड्राय फायर (पेलेट न घालता ट्रिगर दाबणं), मग टार्गेटवर दहा पेलेट, आणि मग पुन्हा वजन. स्पर्धेच्या आदल्या रात्री मात्र एलन की बॅगेतच राहू द्या.